अँड्रॉइड ॲपच्या घटकांमधील संदेशवहन : न पोहोचलेल्या संदेशाचा शोध

गोषवारा : अँड्रॉइड कार्यप्रणालीवर चालणारे ॲप हे अनेक स्वतंत्र घटकांचे बनलेले असते आणि हे घटक परस्परांशी संदेशांच्या माध्यमातून व्यवहार करतात. संदेश न पोहोचल्यास बहुतेक वेळा कोणतीही त्रुटी दर्शविली जात नाही. त्यामुळे अशा दोषाचा शोध घेणे कठीण जाते. औषधाची आठवण करून देणारे एक ॲप उदाहरणादाखल घेऊन संदेश नेमका कोठे व का अडतो, तो कसा शोधावा आणि घाईने केलेला उपाय धोकादायक का ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : अँड्रॉइड, इंटेंट, ब्रॉडकास्ट रिसीव्हर, पेंडिंग इंटेंट, दोषशोध.

प्रस्तावना

भ्रमणध्वनीवरील ॲप कोसळले की पडद्यावर तशी सूचना झळकते आणि दोष कोणत्या ओळीत उद्भवला याची नोंदही प्रणाली करून ठेवते. आज्ञावलीकाराच्या दृष्टीने हा दोष त्रासदायक असला तरी प्रामाणिक असतो. दोन घटकांमधील संदेश हरवला तर मात्र यांपैकी काहीच घडत नाही. ॲप सुरू असते, बटणे चालतात, पडदे उघडतात. फक्त जे घडायला हवे होते ते घडत नाही. अशा दोषाची पहिली वार्ता आज्ञावलीकाराला वापरणाऱ्याकडून मिळते आणि ती बहुधा उशिराच मिळते.

एका मधुमेही रुग्णासाठी तयार केलेल्या ॲपची कल्पना करावी. सकाळी ८ वाजता गोळीची आणि रात्री ९ वाजता इन्सुलिनची आठवण करून देणे एवढेच त्याचे काम. घंटा वाजली, सूचना आली, रुग्णाने 'घेतले' या बटणावर बोट ठेवले की वहीत तशी नोंद होते. पदवी वा पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांमध्ये अशी ॲप्स हमखास आढळतात, कारण ती दिसायला सोपी असतात. परीक्षकासमोर ती व्यवस्थित चालतात आणि रुग्णाच्या घरी चार दिवसांत मुकी होतात. असे का होते, हे समजण्यासाठी संदेशवहनाची मूळ रचना लक्षात घ्यावी लागते.

संदेशवहनाची रचना

अँड्रॉइडमध्ये ॲपचे चार प्रकारचे घटक मानले जातात : पडद्यावर दिसणारी ॲक्टिव्हिटी, पडद्याआड काम करणारी सर्व्हिस, घोषणा ऐकणारा ब्रॉडकास्ट रिसीव्हर आणि माहितीचा साठा खुला करणारा कंटेंट प्रोव्हायडर. यांपैकी पहिले तीन घटक इंटेंट नावाच्या संदेशाने जागे होतात. एका घटकाने दुसऱ्याला थेट हाक मारावी अशी ही योजना नाही. संदेश कार्यप्रणालीच्या स्वाधीन केला जातो; प्रणाली पत्ता पाहते, परवानगी तपासते, गरज असल्यास बंद असलेल्या ॲपची प्रक्रिया सुरू करते आणि मगच संदेश पोहोचवते. पत्रलेखक आणि पत्र घेणारा यांच्यामध्ये टपाल कार्यालय असावे, तसा हा प्रकार आहे. या कार्यालयाला पत्र परत न पाठवता केराच्या टोपलीत टाकण्याचा अधिकार आहे, एवढे मात्र आपल्या टपाल खात्यापेक्षा वेगळे.

संदेशावर पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो. एक्स्प्लिसिट इंटेंटमध्ये घेणाऱ्या घटकाचे पूर्ण नाव असते. इम्प्लिसिट इंटेंटमध्ये नाव नसते, केवळ कामाचे वर्णन असते; ज्या घटकाने आपल्या मॅनिफेस्ट फाईलमधील इंटेंट फिल्टरद्वारे ते काम करण्याची तयारी नोंदविली असेल, त्याला प्रणाली शोधून काढते. वर्णनातील एक अक्षर चुकले तरी जुळणी होत नाही. संदेशासोबत माहितीचा पत्ता म्हणजे यूआरआय जोडलेला असेल आणि फिल्टरमध्ये त्याचा उल्लेख नसेल, तरीही जुळणी होत नाही. नवे ॲप बसविल्याची घोषणा ऐकू इच्छिणाऱ्या रिसीव्हरने 'पॅकेज' ही स्कीम फिल्टरमध्ये लिहिली नाही, तर त्याला ती घोषणा कधीच ऐकू येत नाही, ते याच कारणाने.

पत्ता चुकल्यावर काय होते, हे तिन्ही घटकांच्या बाबतीत सारखे नाही. ॲक्टिव्हिटी सापडली नाही तर अपवाद फेकला जातो आणि ॲप कोसळते. नावानिशी बोलावलेली सर्व्हिस सापडली नाही तर हाक मारणाऱ्याच्या हाती केवळ 'नल' हे रिकामे उत्तर येते, जे तपासण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ब्रॉडकास्ट पाठविणाऱ्या फंक्शनला तर उत्तरच नसते. घोषणा दहा जणांनी ऐकली की कोणीच ऐकली नाही, हे पाठविणाऱ्याला कळण्याची सोय नाही. म्हणूनच मौन पाळणारे बहुसंख्य दोष ब्रॉडकास्टच्या आसपास सापडतात, आणि आठवणीचे ॲप तर सर्वस्वी ब्रॉडकास्टवरच उभे असते.

दोन गजर, एकच पाकीट

ॲपमध्ये सकाळचा आणि रात्रीचा असे दोन गजर लावले, पण प्रत्यक्षात रात्रीचाच वाजतो, ही या प्रकारातील अगदी ठरलेली तक्रार होय. गजर लावताना अलार्म मॅनेजरकडे पेंडिंग इंटेंट सोपविला जातो. हे जणू आधीच पत्ता लिहून ठेवलेले पाकीट असते. वेळ झाली की प्रणाली ते ॲपच्या वतीने टपालात टाकते. आता दोन पाकिटे एकच की वेगळी, हे ठरविताना प्रणाली घटकाचे नाव, कामाचे वर्णन, यूआरआय, माहितीचा प्रकार आदी बाबी आणि आज्ञावलीकाराने दिलेला रिक्वेस्ट कोड पाहते. आतला मजकूर, म्हणजे एक्स्ट्रा, ती पाहत नाही. सकाळच्या पाकिटात 'गोळी' आणि रात्रीच्या पाकिटात 'इन्सुलिन' असे लिहिले असले, तरी दोन्हींचा रिक्वेस्ट कोड शून्यच असेल तर प्रणालीच्या लेखी ते एकच पाकीट ठरते आणि दुसरा गजर पहिल्याची जागा घेतो.

याचे आणखी घातक रूप म्हणजे मजकुराची अदलाबदल. अस्तित्वात असलेले पाकीट 'अपडेट करंट' हे चिन्ह न देता पुन्हा मागितले, तर जुन्या मजकुरासहच ते परत मिळते. रात्री ९ वाजता घंटा वाजते, परंतु सूचनेत गोळीचे नाव येते. येथे संदेश पोहोचला आहे आणि तरीही चुकीचा आहे. उपाय साधा आहे : प्रत्येक मात्रेला नोंदवहीतील तिचा स्वतःचा क्रमांक रिक्वेस्ट कोड म्हणून द्यावा. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या ॲपने पाकीट बदलता येण्याजोगे की न येण्याजोगे हेही स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. न सांगितल्यास अपवाद फेकला जातो. हा बदल स्वागतार्हच म्हणावा लागेल, कारण येथे निदान चूक बोलते तरी.

गजर उशिरा वाजणे हा वेगळा प्रश्न असून तो न वाजण्यापासून अलग ठेवावा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ ही सुप्तावस्था आली. फोन पडून असताना साधे गजर पुढे ढकलले जाऊ लागले. नेमक्या वेळी वाजणाऱ्या गजरासाठी वेगळे फंक्शन वापरावे लागते. पुढे अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी खास परवानगी आली आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून ही परवानगी बहुतेक नव्याने बसविलेल्या ॲप्सना आपोआप मिळेनाशी झाली. परवानगी नसताना असा गजर लावू पाहिल्यास अपवाद येतो. पुष्कळ प्रकल्पांत तो अपवाद 'कॅच'च्या रिकाम्या कंसात गिळून टाकलेला असतो. म्हणजे प्रणालीने न पाळलेले मौन आज्ञावलीकारच पाळतो.

फोन बंद होऊन सुरू झाल्यावर

परीक्षागृहात फोन बंद करून पुन्हा सुरू करण्याची वेळ सहसा येत नाही, घरी येते. फोन बंद झाला की अलार्म मॅनेजरकडील सर्व गजर पुसले जातात. ते पुन्हा लावण्यासाठी फोन सुरू झाल्याची 'बूट कम्प्लिटेड' ही घोषणा ऐकणारा रिसीव्हर लिहावा लागतो आणि त्यासाठीची परवानगी मॅनिफेस्टमध्ये मागावी लागते. परवानगीची ती एक ओळ राहून गेली, तर घोषणा होते, रिसीव्हर अस्तित्वात असतो, आणि तरीही संदेश दारावरून परत फिरतो. प्रणालीच्या नोंदींमध्ये तेवढी 'परमिशन डिनायल' अशी एक ओळ उमटते.

परवानगी दिल्यावरही एक सूक्ष्म अडचण शिल्लक राहते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोन सुरू होणे आणि वापरणाऱ्याने तो कुलूपमुक्त करणे या दोन वेगळ्या अवस्था मानल्या जातात. 'बूट कम्प्लिटेड' ही घोषणा दुसऱ्या अवस्थेनंतर होते. मध्यरात्री फोन आपोआप बंद होऊन सुरू झाला आणि सकाळी ८ पर्यंत कोणी त्याला हात लावला नाही, तर गजर पुन्हा लागतच नाहीत. ज्या वृद्ध रुग्णासाठी ॲप आहे, तोच फोन उशिरा हाती घेणारा असतो. त्यावर 'लॉक्ड बूट कम्प्लिटेड' ही आधीची घोषणा ऐकण्याची सोय आहे. मात्र त्यासाठी रिसीव्हरला डायरेक्ट बूटची जाण असल्याचे मॅनिफेस्टमध्ये नोंदवावे लागते आणि गजरांच्या वेळा कुलूप उघडण्यापूर्वी वाचता येणाऱ्या साठ्यात ठेवाव्या लागतात.

याखेरीज थांबविलेली अवस्था ही एक स्वतंत्र बाब आहे. २०११ च्या अँड्रॉइड ३.१ पासून, नव्याने बसवून एकदाही न उघडलेले ॲप आणि सेटिंग्जमध्ये जाऊन 'फोर्स स्टॉप' केलेले ॲप हे दोन्ही थांबविलेले समजले जातात. प्रणालीच्या घोषणा त्यांच्यापर्यंत जात नाहीत आणि सक्तीने थांबविल्यास लावलेले गजरही रद्द होतात. काही उत्पादकांच्या फोनमध्ये विजेरी वाचविण्याच्या नावाखाली ॲप आपोआप सुरू होण्यावर आणखी निर्बंध असतात. यातून सुटण्याचा आज्ञावलीतला मार्ग नाही, आणि तो शोधत बसण्यात अर्थही नाही. वापरणाऱ्याने एकदा ॲप उघडणे व सेटिंग बदलणे एवढेच शक्य असते. तशी सूचना पहिल्याच पडद्यावर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत द्यावी.

नियम बदलले, पाठ्यपुस्तके राहिली

दोषशोधातील एक मोठी अडचण अशी की जी आज्ञावली कालपर्यंत चालत होती ती एक अक्षरही न बदलता बंद पडते. अँड्रॉइड ७ मध्ये इंटरनेट जोडणी बदलल्याची घोषणा मॅनिफेस्टमध्ये नोंदविलेल्या रिसीव्हरला मिळणे थांबले. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने हेच तत्त्व मोजके अपवाद वगळता सर्व इम्प्लिसिट घोषणांना लावले. कारण समजण्यासारखे होते : एका घोषणेसरशी फोनमधील अनेक ॲप्स एकाच वेळी जागी होत आणि स्मृती व विजेरी दोन्ही खर्ची पडत. आता अशा घोषणा ऐकायच्या असतील तर ॲप चालू असताना आज्ञावलीतूनच रिसीव्हर नोंदवावा लागतो. अँड्रॉइड १४ ला लक्ष्य करणाऱ्या ॲपने अशी नोंदणी करताना रिसीव्हर इतर ॲप्सना खुला आहे की नाही हेही सांगावे लागते. केवळ प्रणालीच्या घोषणा ऐकणाऱ्या रिसीव्हरला यातून सूट आहे. २०२५ च्या अँड्रॉइड १६ मध्ये वेगवेगळ्या प्रक्रियांमधील रिसीव्हरांचा प्राधान्यक्रम पाळला जाईल ही हमीही संपली.

यांपैकी बहुतेक नियम फोनच्या आवृत्तीबरोबरच ॲपने जाहीर केलेल्या लक्ष्य आवृत्तीवरही अवलंबून असतात, हे विसरले जाते. एकाच फोनवर एका विद्यार्थ्याचा रिसीव्हर चालतो आणि शेजारच्याचा तोच रिसीव्हर चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा बिल्ड फाईलमधील त्या एका आकड्यात असते. गुगल प्ले २०१८ पासून हा आकडा वेळोवेळी वाढविण्याची सक्ती करत आले आहे. त्यामुळे जुना आकडा ठेवून नियम टाळणे फार काळ शक्य होत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयातील जुन्या पुस्तकात इम्प्लिसिट घोषणेसाठी मॅनिफेस्टमध्ये रिसीव्हर नोंदविण्याचे उदाहरण असेल, तर ते पुस्तक छापले गेले तेव्हा बरोबरच होते. अशा पानावर पेन्सिलीने आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवण्याची पद्धत शिक्षकांनी पाडली तरी विद्यार्थ्यांचे बरेच तास वाचतील.

ॲपच्या अंतर्गत संदेश

सगळे संदेश प्रणालीच्या टपालातून जातात असे नाही. पूर्वी ॲपच्या आतल्या आत निरोप देण्यासाठी लोकल ब्रॉडकास्ट मॅनेजर वापरत. तो पुढे कालबाह्य ठरविण्यात आला, पण जुन्या आज्ञावलींत अजून भेटतो. त्याच्यामार्फत पाठविलेला संदेश प्रणालीकडे नोंदविलेल्या रिसीव्हरला कधीही मिळत नाही. पाठविणारा एका टपाल कार्यालयात, घेणारा दुसऱ्याच कार्यालयाच्या खिडकीशी उभा, आणि दोघांचीही आज्ञावली स्वतंत्रपणे निर्दोष, अशी ही स्थिती असते.

लाइव्हडेटा या आजच्या साधनाचे स्वरूप निरोपापेक्षा सूचनाफलकाचे आहे. फलकावरील शेवटचा मजकूर तेवढा दिसतो आणि तोही पडदा सक्रिय असलेल्या निरीक्षकालाच. पोस्टव्हॅल्यू हे फंक्शन मुख्य धाग्याला वेळ मिळण्यापूर्वी तीनदा पुकारले, तर पहिली दोन मूल्ये गळतात. चालू रक्तशर्करा दाखविण्यासाठी हे योग्य आहे. 'मात्रा घेतली' ही घटना मोजण्यासाठी नाही. जी नोंद गमावून चालणार नाही ती संदेशात न ठेवता आधी साठ्यात लिहावी आणि संदेशाने केवळ 'साठा पाहा' एवढेच सांगावे. मोठी छायाचित्रे इंटेंटमधून पाठविण्याच्या बाबतीतही हेच लागू पडते. प्रक्रियांमधील देवघेव करणाऱ्या बाइंडरची जागा एका प्रक्रियेसाठी सुमारे १ मेगाबाइट असते आणि ती चालू असलेल्या सर्व व्यवहारांत वाटली जाते. त्यामुळे एरवी चालणारा संदेश गर्दीच्या वेळी अडू शकतो.

शोधाची रीत

मौनाचा शोध अंदाजाने घेऊ नये. पाठविण्याच्या ओळीपूर्वी एक, रिसीव्हरच्या ऑनरिसीव्ह फंक्शनच्या पहिल्याच ओळीत एक आणि सूचना दाखविण्याच्या ठिकाणी एक, अशा तीन नोंदी घालाव्यात. पहिली उमटली आणि दुसरी नाही, तर दोष वाटेत आहे. दुसरी उमटली आणि पुढे काही नाही, तर दोष रिसीव्हरच्या आत आहे. कदाचित मुख्य धाग्यावर लांबलचक काम केल्याने प्रणालीने ॲप प्रतिसादहीन ठरविले असेल. तिन्ही उमटल्या आणि रुग्णाला काही दिसले नाही, तर संदेशवहनाचा दोषच नाही : २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखविण्यासाठी वापरणाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते, ती तपासावी.

दोष वाटेत असल्यास लॉगकॅटमध्ये ॲपच्या नावाची गाळणी काढून टाकावी, कारण संदेश अडविल्याची नोंद प्रणाली स्वतःच्या नावाने करते, ॲपच्या नावाने नव्हे. 'बॅकग्राउंड एक्झिक्युशन नॉट अलाउड' ही ओळ तेथेच सापडते. गजर खरोखर लागला आहे का हे 'डम्पसिस अलार्म' या आज्ञेने, तर घोषणांचा अलीकडचा इतिहास 'डम्पसिस ॲक्टिव्हिटी ब्रॉडकास्ट्स' या आज्ञेने पाहता येतो. पहिल्या आज्ञेच्या उत्तरात दोनऐवजी एकच गजर दिसला, की पाकिटाचा दोष पाच मिनिटांत हाती लागतो. 'एएम ब्रॉडकास्ट' ही आज्ञा देऊन कृत्रिम संदेशही पाठविता येतो. मात्र कोणीही संदेश घेतला नाही तरी ती 'ब्रॉडकास्ट कम्प्लिटेड' असेच छापते, तेव्हा तिच्या शब्दावर विसंबू नये. फोन सुरू झाल्याची घोषणा सामान्य फोनवर अशा रीतीने करताही येत नाही, प्रणाली ती नाकारते. तेथे फोन खरोखरच बंद करून सुरू करावा लागतो.

घाईच्या उपायाची किंमत

संदेश येत नाही म्हणून त्रस्त झालेला आज्ञावलीकार शेवटी एक गोष्ट हटकून करतो : मॅनिफेस्टमध्ये 'एक्स्पोर्टेड' या गुणधर्मापुढे 'ट्रू' लिहून पाहतो. अँड्रॉइड १२ ला लक्ष्य करणाऱ्या ॲपमध्ये इंटेंट फिल्टर असलेल्या ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस व रिसीव्हरसाठी हा गुणधर्म स्पष्ट लिहिणे सक्तीचे झाल्यापासून ही प्रवृत्ती सहज दिसते, कारण काहीतरी लिहावेच लागते आणि 'ट्रू' लिहिल्यावर काही वेळा संदेश येऊही लागतो. 'एएम ब्रॉडकास्ट'ने चाचणी घेणाऱ्याला तर तसे नक्कीच वाटते, कारण ती आज्ञा बाहेरून येत असल्याने बंद दाराच्या रिसीव्हरपर्यंत पोहोचतच नाही. चाचणीची सोय म्हणून उघडलेले दार मग तसेच राहते.

आठवणीच्या ॲपमध्ये याचा अर्थ काय होतो ते पाहावे. 'मात्रा घेतली' हा संदेश घेणारा रिसीव्हर खुला असेल आणि त्यावर परवानगीची अट नसेल, तर त्याच फोनवरील दुसरे कोणतेही ॲप तो संदेश पाठवू शकते. रुग्णाने इन्सुलिन घेतलेले नसते, वहीत मात्र घेतल्याची नोंद होते, रात्रीची घंटा वाजत नाही आणि डॉक्टरांना दाखविलेला तक्ता नियमित दिसतो. संदेश न पोहोचण्यापेक्षा हा दोष गंभीर आहे. न पोहोचलेला संदेश निदान तक्त्यात रिकामी जागा सोडतो.

वस्तुतः या ॲपला दार उघडण्याची गरजच नसते. गजराचे पाकीट प्रणाली ॲपच्याच ओळखीने टपालात टाकते, सूचनेवरील बटणाचेही तसेच, आणि फोन सुरू झाल्याची घोषणा स्वतः प्रणाली करते. त्यामुळे 'एक्स्पोर्टेड'पुढे 'फॉल्स' लिहिलेल्या रिसीव्हरला हे तिन्ही संदेश मिळतात. ॲपच्या आतील उरलेल्या संदेशांवर घटकाचे पूर्ण नाव लिहावे, किंवा निदान सेटपॅकेजद्वारे आपल्याच ॲपचे नाव घालावे. एवढे करूनही संदेश येत नसेल, तर कारण दाराबाहेर नसून रिक्वेस्ट कोड, परवानगीची राहिलेली ओळ, थांबविलेली अवस्था किंवा लक्ष्य आवृत्तीचा आकडा यांपैकी कोठेतरी असते, आणि त्यासाठी पुन्हा त्या तीन नोंदींपाशी परतावे लागते.